बॅलन्स ट्रान्सफर घ्यायचं तर सीझन पाहून

गोव्यातल्या मांद्र्याच्या एका ताईंनी जूनच्या सुरुवातीला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घराला लागून असलेल्या दोन खोल्या त्या पर्यटकांना देतात, यजमान टॅक्सी चालवतात. खोल्यांची दुरुस्ती, नवे एसी आणि सासूबाईंचं ऑपरेशन असा सगळा खर्च दोन क्रेडिट कार्डांवर पडला. आज एका कार्डावर 1,20,000 आणि दुसऱ्यावर 45,000 रुपये बाकी आहेत, दोन्हींना दरमहा 3.5 टक्के व्याज. सध्या खोल्या रिकाम्या, म्हणून किमान देय रक्कम तेवढी भरतात. अशात एका तिसऱ्या बँकेच्या वतीने फोन आला: आमचं कार्ड घ्या, जुनी बाकी त्यावर आणा. पहिले 60 दिवस शून्य टक्के आणि 2 टक्के प्रोसेसिंग फी, किंवा 180 दिवस दरमहा 1.7 टक्के आणि फी नाही. घ्यावं का?

ताई, बॅलन्स ट्रान्सफर ही चांगली सोय आहे. पण जूनमध्ये तुमच्यासाठी नाही. घ्यायचंच असेल तर ऑक्टोबर उजाडल्यावर घ्या. तोपर्यंतचे चार महिने काढायला त्याहून स्वस्त वाट बहुधा तुमच्या घरातच आहे. असं का म्हणतो ते आकड्यांनी सांगतो.

आधी आज काय चाललंय ते पाहू. 1,65,000 वर 3.5 टक्के म्हणजे महिन्याला 5,775 रुपये व्याज. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो 1,039. म्हणजे महिन्याला सुमारे 6,815 रुपये नुसते व्याजापोटी जातात. किमान देय रक्कम बाकीच्या 5 टक्के धरली तर तुम्ही भरता 8,250. त्यातून मुद्दल उतरलं अवघं 1,435 रुपयांनी. स्टेटमेंटवर ही विभागणी सरळ दिसत नाही, ‘भरणा मिळाला, धन्यवाद’ एवढंच नजरेत भरतं. म्हणून वर्षभर नियमित भरूनही बाकी हलत कशी नाही, असं माणसाला वाटत राहतं. या गतीने भरत राहणं हाच सगळ्यात महाग मार्ग आहे, तेव्हा काहीतरी करायला हवं हा तुमचा विचार अगदी बरोबर आहे.

आता शून्य टक्क्यांची ऑफर. फी 2 टक्के म्हणजे 3,300, त्यावर जीएसटी 594, एकूण 3,894 रुपये. ही रक्कम पहिल्याच स्टेटमेंटला लागते. दोन महिन्यांसाठी ती वर्षाच्या हिशेबात 14 टक्क्यांवर जाते, म्हणजे शून्य नव्हेच, पण तुमच्या आजच्या दराच्या मानाने स्वस्त आहे यात शंका नाही. अडचण तिसऱ्या महिन्यात येते. जूनच्या मध्यावर पैसे वळवले की सवलत ऑगस्टच्या मध्यावर संपते. बाहेर पाऊस, खोल्या रिकाम्या, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर, आणि उरलेली सगळी रक्कम पुन्हा कार्डाच्या नेहमीच्या दराला. डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा हिशेब केला तर आज आहे तसं ठेवून सुमारे 40,900 रुपये व्याजात जातील, आणि या ऑफरने 31,150. वाचले पावणेदहा हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथे.

180 दिवसांची ऑफर कागदावर बरीच बरी आहे. दरमहा 1.7 टक्के म्हणजे 2,805, जीएसटी धरून 3,310 रुपये. सहा महिन्यांचे 19,860. म्हणजे एकवीस हजार वाचतात. पण जूनपासूनचे 180 दिवस मोजा, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. तुमच्या खोल्यांचे पैसे केव्हा येतात? ऑक्टोबरात पर्यटक दिसायला लागतात, नोव्हेंबरात थोडं चालतं, आणि खरा दर मिळतो तो नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत. त्यानंतर जानेवारी, फेब्रुवारी, थोडा मार्च. म्हणजे स्वस्त व्याजाची मुदत तुम्ही पूर्ण पावसाळ्यात घालवणार, आणि हातात पैसे खेळायला लागायच्या दोन आठवडे आधी दर दुपटीवर जाणार.

किनाऱ्यावरच्या माणसांची कार्डांची कर्जं मी इतकी वर्षं पाहतोय, त्यात हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते. ऑफर अडचणीच्या महिन्यात घेतली जाते, कारण फोन त्याच वेळी बरा वाटतो. पण सवलतीची मुदत ही फेडीसाठी असते, आणि फेड कमाईच्या महिन्यांतच होते. हीच ऑफर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घेतली तर 180 दिवस मार्चअखेरपर्यंत जातात, म्हणजे तुमचा अख्खा सीझन त्यात बसतो. नोव्हेंबरला 15,000, डिसेंबर आणि जानेवारीला 45,000 प्रत्येकी, फेब्रुवारीला 35,000, मार्चला 25,000. झाले 1,65,000. हे आकडे तुमच्या वहीतल्या मागच्या सीझनशी ताडून पाहा. वही सांगत असेल की डिसेंबरात 45,000 बाजूला पडत नाहीत, तर वहीचं ऐका.

मच्छीमारांनाही हेच लागू. 1 जून ते 31 जुलै बंदीचे 61 दिवस आणि ऑफरचे 60 दिवस तंतोतंत जुळतात, म्हणून ट्रॉलरवाल्यांना ती आपल्यासाठीच बनवल्यासारखी वाटते. पण ऑगस्टात बोटी सुटल्या तरी पहिली कमाई डिझेल, बर्फ आणि खलाशांच्या उचलीत जाते. साठ दिवसांची शून्य टक्क्यांची ऑफर खरी कोणाच्या कामाची? ज्याची ठेव पुढच्या महिन्यात मुदत पूर्ण करतेय, ज्याचा बोनस ठरलेल्या तारखेला जमा होणार आहे, अशाच्या. सरकारी कामाचं बिल ‘या महिन्यात पास होईल’ या भरवशावर ठेकेदाराने ती घेऊ नये.

आता फोनवर कोणी सांगत नाही अशा गोष्टी.

नवीन कार्डाचं लिमिट किती मिळेल हे कार्ड हातात येईपर्यंत कळत नाही, आणि बाकी पूर्ण लिमिटएवढी वळवता येत नाही. बहुतेक ठिकाणी 75 ते 80 टक्क्यांची मर्यादा असते. दोन कार्डांवर किमान रक्कमच भरणाऱ्याला नवी बँक सढळ हाताने लिमिट देत नाही. समजा एक लाखाचं मिळालं, तर 75,000 वळतील आणि 90,000 जुन्याच दराने राहतील. मग वर केलेला सगळा हिशेब अर्ध्यावर येतो, शिवाय आता तीन कार्डं आणि तीन ड्यू डेट. नव्या कार्डाला वार्षिक शुल्क असेल तर तेही जीएसटीसह याच खर्चात धरा. वळवलेल्या रकमेवर रिवॉर्ड पॉइंट मिळत नाहीत, तेव्हा कोणी पॉइंटची गोष्ट काढली तर ती सोडून द्या.

पैसे वळायला काही दिवस लागतात. तेवढ्यात जुन्या कार्डाची ड्यू डेट आली तर किमान रक्कम भरायचीच.

त्यानंतर येतं ते मागे राहिलेलं व्याज, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी त्याच्याच असतात. कार्डाचं व्याज रोजच्या बाकीवर चढतं. तुमच्या 1,20,000 वर ते दिवसाला 138 रुपये, जीएसटीसह 163. स्टेटमेंट 5 तारखेला निघालं आणि नव्या बँकेचे पैसे 17 तारखेला पोचले, तर मधल्या 12 दिवसांचे सुमारे 1,955 रुपये पुढच्या स्टेटमेंटला येणार. माणूस समजतो की कार्ड शून्य झालं. तो एसएमएस उघडत नाही. मग त्या 1,955 वर लेट फी लागते, त्यावर जीएसटी, आणि क्रेडिट अहवालात थकबाकीची नोंद. पोटाला चिमटा काढून व्याज वाचवणाऱ्या माणसाचा सिबिल स्कोअर दोन हजार रुपयांपायी खाली आलेला पाहिला की फार वाईट वाटतं. पैसे वळवल्यानंतर जुन्या कार्डाची पुढची दोन स्टेटमेंटं उघडून पाहा आणि जे काही आलं असेल ते पूर्ण भरा. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्यावरच लेट फी लावता येते आणि थकबाकी कळवता येते.

नव्या कार्डावर खरेदी करू नका. हे मी ठासून सांगतो, कारण घरं इथेच अडकतात. कार्डावर जुनी बाकी उभी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी 45–50 दिवस सहसा मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून पूर्ण दराने व्याज सुरू होतं. समजा 75,000 रुपये 1.7 टक्क्यांनी वळवले आणि चवथीच्या आधी म्हापशाला जाऊन त्याच कार्डावर 20,000 चा बाजार केला. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान, कपडे, मिठाई, पाहुण्यांसाठी गादी. ऑक्टोबरात तुम्ही 20,000 भरता आणि समजता, बाजार फिटला. पण तुमचे पैसे कोणत्या बाकीला लावायचे ते बँकेच्या अटींत ठरलेलं असतं. अनेक ठिकाणी क्रम असा: आधी किमान रक्कम, फी आणि व्याज, मग वळवलेली बाकी, त्यानंतर खरेदी, शेवटी रोख उचल. म्हणजे तुमच्या 20,000 नी स्वस्त कर्ज फेडलं आणि महाग बाजार तसाच व्याज खात राहिला. हा क्रम ‘सर्वात महत्त्वाच्या अटी व शर्ती’ या कागदात लिहिलेला असतो, तो एक परिच्छेद शोधून वाचाच. हल्ली रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणून भाजीवालीच्या क्यूआरलाही कार्डाचे पैसे जातात आणि लक्षात राहत नाही. ते जोडून देऊ नका.

फोनवाला पुढच्या वेळी बहुधा तिसरा पर्याय देईल: बारा महिन्यांचा ईएमआय, ‘फक्त एक टक्का’. विचारा, फ्लॅट की रिड्यूसिंग? 1,20,000 वर एक टक्का फ्लॅट म्हणजे वर्षाचे 14,400 व्याज आणि हप्ता 11,200. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र पूर्ण 1,20,000 वर मोजलेलं असतं. घटत्या बाकीवर मांडलं तर हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो, जीएसटी वेगळा. तरी तो कार्डाच्या दरमहा 3.5 म्हणजे वर्षाला 42 टक्क्यांपेक्षा कमीच, म्हणून पगारदार माणसाला मी ईएमआय घ्या असंच सांगतो. दर महिन्याला ठरलेली रक्कम कापली जाते आणि शेवटची तारीख माहीत असते, हा मोठा गुण आहे. तुमच्यासाठी मात्र जुलै-ऑगस्टला 11,200 चा हप्ता म्हणजे पहिल्याच महिन्यांत चुकण्याची भीती. हप्ता चुकला की अनेक बँका सवलत काढून घेतात. ऑक्टोबरनंतर घेतला आणि सीझनमध्ये एकदम फेडायचा विचार असला, तर मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क किती ते आधी विचारून घ्या.

मग जूनमध्ये काय करायचं? घरात सोनं आहे का? सोसायटीत किंवा बँकेत ठेव आहे का? असेल तर बॅलन्स ट्रान्सफरच्या आधी तिकडे पाहा. बँकेतलं सोनेतारण कर्ज वर्षाला 10 टक्क्यांनी धरलं तर 1,65,000 वर महिन्याला 1,375 रुपये व्याज होतं, आणि अशा कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही. कार्डाच्या ‘कमी दराच्या’ 3,310 शी ताडून पाहा. जूनपासून मार्चअखेरपर्यंत दहा महिने सोनं ठेवलं तरी 13,750 होतात, वर मूल्यांकनाची किरकोळ फी. बऱ्याच बँका बारा महिन्यांनी एकरकमी फेड मान्य करतात, म्हणजे पावसाळ्यात हप्त्याचा जाच नाही. या रकमेसाठी साधारण सव्वादोन लाखांचं सोनं ठेवावं लागेल. ठेवीवरचं कर्ज तर ठेवीच्या व्याजदरावर एक-दोन टक्के जास्त घेऊन मिळतं, आणि ठेव मोडत नाही.

सोनं गहाण ठेवायचं म्हटलं की घरात चेहरे उतरतात, हे मला माहीत आहे. सासूबाईंना काय वाटेल, शेजारी काय म्हणतील. ताई, 42 टक्क्यांचं कर्ज कोणाला दिसत नाही म्हणून ते सोपं वाटतं, एवढाच फरक आहे. बँकेच्या लॉकरमध्ये दहा महिने राहिलेल्या बांगड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये परत येतात. व्याजात गेलेले चाळीस हजार येत नाहीत. मात्र ठरलेल्या मुदतीत सोडवणं जमेलच, हे आधी वहीत मांडून पाहा. मुदत टळली तर लिलावापर्यंत गोष्ट जाते, म्हणून दागिने बँकेतच ठेवा आणि पावतीवरची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहा.

सोन्याने असो वा ट्रान्सफरने, जुनी कार्डं एकदा रिकामी झाली की खरी जोखीम सुरू होते. जुलैमध्ये तुमच्या हातात 1,65,000 ची मोकळी लिमिट असेल, आणि एसीचा कॉम्प्रेसर जळाला, मुलाची फी आली, तर हात तिकडेच जाईल. पुढच्या जूनमध्ये सोन्याचं कर्जही उभं आणि कार्डंही भरलेली, अशी घरं मी पाहिली आहेत. म्हणून ज्या दिवशी कार्ड शून्य होईल त्याच दिवशी अ‍ॅपमधून ऑनलाइन, टॅप आणि विदेशी व्यवहार बंद करा. ही सोय प्रत्येक बँकेला द्यावीच लागते. 45,000 वालं कार्ड मागचं व्याज फिटल्यावर बंदच करून टाका. बाकी नसताना बंद करायची विनंती दिली की बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यावे लागतात. दुसरं कार्ड कमी लिमिटवर अडीअडचणीसाठी राहू द्या.

तुम्ही लिहिलंय की शेजारचे एक जण म्हणतात, कार्डावर 30 टक्क्यांहून जास्त व्याज लावताच येत नाही, केस करा. ते राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या 2008 च्या निकालाबद्दल बोलताहेत. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 ला तो निकाल रद्द केला. आता त्यावर विसंबून भरणा थांबवू नका. आणि वसुलीवाल्याने ‘सेटलमेंट’ सुचवलं तर लगेच हो म्हणू नका. काही रक्कम सुटते, पण अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढे टॅक्सीसाठी कर्ज मागायला गेलात की तोच आडवा येतो. तुमची परिस्थिती तिथवर गेलेली नाही.

एकाच आठवड्यात चार बँकांत अर्जही करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते. आधी स्वतःचा क्रेडिट अहवाल पाहा, असा अहवाल बनवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. ऑक्टोबरपर्यंत बाकी थोडी उतरली आणि एकही तारीख चुकली नाही, तर लिमिटही बरं मिळण्याची शक्यता आहे.

फोन करणाऱ्याला आज एवढंच सांगा की ऑफर ईमेलवर पाठवा. त्यात सवलतीचा दर, मुदतीनंतरचा दर, फी, वळवता येणारी मर्यादा आणि वार्षिक शुल्क लिहिलेलं हवं. कार्डाचं मुख्य माहितीपत्रक एका पानाचं असतं, ते अर्जासोबत देणं बँकेला बंधनकारक आहे. बॅलन्स ट्रान्सफरचा वार्षिक दरही बँकेला वेगळा दाखवावा लागतो, तो पाहा. जुन्या कार्डाचा नंबर लागतो, पण त्याचा सीव्हीव्ही किंवा पिन कोणी मागितला तर फोन ठेवून द्या. लिहून दिलं त्याहून वेगळं शुल्क लागलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि सीझन सुरू झाला की रोजची बचत दारात येऊन गोळा करणाऱ्या पिग्मीवाल्याला बोलवा. खोलीचं भाडं रोख आलं की ते घरातच फिरतं, महिनाअखेरीला 45,000 एकत्र सापडत नाहीत. नोव्हेंबरपासून रोज पाचशे आणि नाताळच्या पंधरवड्यात जमेल तसे दोन-तीन हजार पिग्मीत टाका. फक्त खातं उघडताना विचारून घ्या की मुदतीआधी रक्कम काढली तर किती कापतात, कारण तुम्हाला ती मार्चपर्यंतच लागणार आहे.